पाठमोरी नाखवीण

आमच्या नाखविणीकडे कोणी भांडण घेऊन गेलं की ती आधी त्याच्याकडे पाठ करायची. माणूस ओट्यावर टेकला, "बाय, ऐक गं जरा" म्हणाला, की ही भिंतीकडे तोंड करून बसलीच. मग भिंतीलाच विचारल्यासारखं विचारायची, "काय झालं ते सांग. कोनी केलं ते मागनं."

नव्या माणसाला वाटायचं म्हातारी रागावली. एकदा शाळेतले मास्तर तक्रार घेऊन आले, समोर पाठ बघितली आणि तशाच चपला घालून परत गेले. पुढे वर्षभर सांगत होते की आमच्या पाचूबंदरात, शिकलेल्या माणसाला मान नाही.

मी तिच्या बोटीवर तांडेल होतो. बोट तिच्या नावावर म्हणून ती नाखवीण, आणि जेटी सुटल्यावर बोट माझ्या हुकमाने चालायची म्हणून मी तांडेल. माझं शिक्षण चौथी, तीही अर्धी. लिहिण्याशी माझा संबंध बोटीवर नंबर रंगवण्यापुरता. पण तिच्याबद्दल गावात जो तो काहीबाही सांगतो आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. खरं काय ते मला माहीत आहे, म्हणून लिहितोय. ज्याला पटणार नाही त्याने आपलं वेगळं लिहावं.

पाठ करण्याची रीत तिने काढलेली नव्हती, ती बंदराचीच. बोट लागली की माल लिलावाला जातो, आणि खलाशांच्या घरच्या कालवणासाठी थोडी मासळी बाजूला काढतात. तिचे वाटे घालतात. कितीही सारखे घातले तरी एका वाट्यात बोंबील जाडे पडतात, दुसऱ्यात नुसती बारीक करंदी. म्हणून एकजण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याने तो वाटा उचलायचा, कुरकूर करायची नाही. आमच्या बोटीला पाठ कायम नाखविणीची असायची. तिने एवढंच केलं की मासळीची रीत उचलून माणसांना लावली. म्हणायची, "मासली वाटताना डोला झाकता नी शिक्षा वाटताना वटारता. कसली ही अक्कल?"

दिसायला ती काही फार नव्हती. काळी, उंच, हाताची हाडं वल्ह्यासारखी. नवरा गेल्यापासून त्याचं घड्याळ मनगटावर बांधायची. ते बंद होतं. कोणी वेळ विचारली तर घड्याळाकडे बघून सांगायची, "भरतीला अजून टाइम हाय." खुर्चीवर कधी बसली नाही. चहा बशीतच. मिश्री लावता लावता अख्ख्या गल्लीची चौकशी. रविवारी चर्चमध्ये मिस्साला सगळ्यात मागच्या बाकावर, कारण पुढे बसलं की फादर आपल्याकडे बघून उपदेश करतात असं तिचं म्हणणं.

एकदा शेजारची एक बाई तणतणत आली. "रोज सकाळी कोनीतरी मासली धुतलेलं पानी माझ्या दारात ओततं. मांजरं जमतात, घान मारते."

भिंतीकडे बघत नाखविणीने निकाल दिला, "जो कोन असंल त्यानं आठवडाभर अख्खी गल्ली झाडायची. एकटीचं दार नाय, अख्खी गल्ली."

"मग उद्यापासून लाग झाडायला," बाई म्हणाली. "तूच ती."

आठवडाभर नाखविणीने गल्ली झाडली. शिव्या देत झाडली, पण झाडली. मी ओट्यावर बसून, "बाय, त्या कोपऱ्यात राहिलं बघ," म्हणायचो. तिने एक दिवस झाडू माझ्यावर फेकला. तो परत मागायला तीच आली, कारण गल्ली अर्धी राहिली होती.

रंगीत टीव्ही पाचूबंदरात आधी तिच्याकडे आला. रविवारी हिंदी पिक्चर बघायला खोली भरायची. शेवटी हिरोने व्हिलनला मारलं की आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि त्या टाळ्यांमध्ये हिचा आवाज यायचा, "ह्याचा म्हातारा बाप मगाशी दाखवला नं? त्याला आता कोन बघनार?" सगळ्या पिक्चरची माती.

मी पक्का फाशीवाला. आजही. ज्याने खून केला त्याला लटकवायचा, त्यात कोर्टाने इतकी वर्षं कशाला घालवायची हे मला कळत नाही. पेपरात कुठे काही आलं, मुलीबाळींवर हात टाकल्याचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना लुटून मारल्याचं, की आमचं जाळं शिवताना जुंपायचं.

"लटकवा भोसडीच्याला," मी म्हणायचो.

"लटकवल्यावर त्याच्याकडनं काय घेशील?"

"काय घ्यायचं? घ्यायचं काय त्यात?"

"मग ते तुझ्यासाठी झालं, तांडेल. तुझा राग निवला. ज्याचं गेलं त्याला काय भेटलं?"

"म्हनजे सोडून द्यायचा?"

"सोडायचं कोन बोललं? फेडेपर्यंत धरून ठेवायचा. मेलेला मानूस काय फेडनार?"

अशी आमची वर्षं गेली. कोणी हरलं नाही. मी तर नाहीच.

आता जे सांगायचं ते सांगतो.

नाखविणीला एक मुलगा होता. माझ्या बहिणीलाही एकच. बहीण लवकर विधवा झाली, तेव्हा भाचा माझ्याच हाताखाली वाढला. ही दोन्ही पोरं एका वयाची. किल्ल्याच्या मागे खाडीत एकाच दिवशी पोहायला शिकली, एकाच ताटात जेवली, दोघंही आमच्याच बोटीवर खलाशी म्हणून लागली. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा पुढचा तांडेल कोण, हा प्रश्न आला. सगळ्यांनी धरलंच होतं, मालकिणीचा मुलगा. मीही काही बोललो नव्हतो. बोट माझी नव्हती.

पावसाळ्यात बोटी वर ओढल्या तेव्हा नाखविणीने सगळ्या खलाशांसमोर सांगितलं, "ज्याला दर्या कलतो त्याच्या हाती सुकानू." आणि माझ्या भाच्याचं नाव घेतलं. तिचा मुलगा हसला. आम्हाला वाटलं, त्याने मनाला लावून घेतलं नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी ती दोघं ताडपत्रीखाली बोटीच्या डागडुजीला गेली. शब्दाने शब्द वाढला असेल. तिथे दोर कापायची सुरी होती. थोड्या वेळाने नाखविणीचा मुलगा ओरडत बाहेर आला, "या रे, कोनीतरी या रे!" आम्ही पोचलो तोवर भाच्याचा जीव गेला होता. बहीण मागून धावत आली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली ती हललीच नाही.

पोरांनी नाखविणीच्या मुलाला धरून जेटीच्या खांबाला बांधला. कोणी काठी आणली, कोणी लोखंडी हूक. पोलीस गावातून यायला वेळ होता. पण आमच्यात नाखविणीला विचारल्याशिवाय कोणी काही करत नसे. मी म्हटलं, मी विचारून येतो.

माझ्या सदऱ्यावर भाच्याचं रक्त होतं. मी ओट्यावर चढलो, "बाय" म्हटलं. तिने सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. जरा उशिरा केलं असतं तर तिला रक्त दिसलं असतं.

"खून झालाय," मी म्हटलं. "मारनारा धरलाय, जेटीवर बांधलाय. लोक त्याला तिथंच संपवायचा बोलतात. सांग, काय करायचं?"

नाव मी मुद्दाम घेतलं नाही. मला तिच्या तोंडून 'मारा' ऐकायचं होतं आणि मग नाव सांगायचं होतं. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिचा मिश्रीचा हात थांबला. "पलाला काय तो?"

"नाय. त्यानंच ओरडून लोक बोलावले."

"मेला त्याच्या मागं कोन हाय?"

"आय. एकटी."

तिने मिश्रीची डबी बंद केली. मग म्हणाली, "सोडवा त्याला, नी पोलिसात द्या. कोर्ट देईल ते सगलं भोगू दे. एक दिस कमी करा म्हनून कोनी जायचं नाय. पन जीव घ्यायचा नाय. तुमी नाय, सरकारनं पन नाय."

"का?" मी ओरडलोच.

"त्या आयला त्याच्याकडनं काय पायजेल ते तिचं तिला आज ठाऊक नाय. आज मारलात त उद्या तिनं कोनाकडं मागायचं? बस. आता नावं सांग."

मी सांगितली. आधी भाच्याचं, मग तिच्या मुलाचं.

तिने पाठ वळवली नाही. हळूच पुढे झुकली आणि भिंतीला कपाळ टेकलं. मला तिचा चेहरा दिसला नाही, ते बरंच झालं. मग तशीच म्हणाली, "बोलले ते बोलले. त्यातला शब्द हलनार नाय." आणि उठून अनवाणी चिखलातून जेटीकडे चालायला लागली.

तिने गर्दीत जाऊन निकाल सांगितला तेव्हा गलका झाला. "वा गं बाय! तुझा पोर म्हनून जीव नको काय?" "दुसऱ्याचा असता त काय बोलली असतीस?" हूकवाला पुढे सरकला. आपली बाजू तिने सांगितली नाही. सांगून कोणी मानलंही नसतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मेला तो माझा भाचा होता.

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी त्याचं काम तमाम झालं असतं. पण पाणी किती खोल ते तांडेलाने जसं आहे तसंच सांगायचं असतं. मी म्हटलं, "नावं मी मागनं सांगितली. ती आधी बोललीये. तिला ठाऊक नव्हतं."

"खरं?" हूकवाल्याने विचारलं.

"मी खोटं बोलतो असं बोलतोस काय?"

त्याने हूक खाली केला. कोणीतरी दोर सोडला. मुलगा "आय" म्हणून तिच्याकडे वळला. तिने त्याला हात लावला नाही. माझी बहीण बसली होती तिकडे बोट केलं. "माझ्याकडं नको बघू. तिकडं बघ." पोलीस येईपर्यंत तो तिकडे बघत उभा राहिला.

केस चालली. मुलाच्या वकिलाने नाखविणीला पढवलं होतं, सांगा की मुलगा दारू प्यायलेला होता, सुरी मेलेल्याच्याच हातात होती. तिने कोर्टात सांगितलं, "सुरी माझ्या घरची. दारू तो पीत नाय. सुकानू भेटला नाय म्हनून त्यानं मारलं, नी सुकानू मी दिला नव्हता." वकिलाने डोक्याला हात लावला. मी कोर्टाला सांगितलं की फाशी द्या. कोर्टाने जन्मठेप दिली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "जेलात बसून आयती भाकरी खाईल. ही काय शिक्षा झाली?" ती म्हणाली, "पुरली का नाय ते तू नको सांगू, नी मी पन नको सांगायला." फादर समजूत घालायला आले, क्षमेबद्दल बोलले. त्यांना म्हणाली, "फादर, माफी माझ्या घरात नाय. ती समोरच्या घरात हाय. तिथं पन मागायला जाऊ नका. देयाची तवा देईल."

लोकांना वाटलं मी बोट सोडेन. मी सोडली नाही. बोट तिची होती, दर्या तिचा नव्हता. दुखऱ्या गुडघ्यांनी आणखी काही वर्षं सुकाणू धरला. वाटे घालताना तिने एक वाटा कायम जास्तीचा घालायला लावला. पाठमोरी उभी राहून इतर नावांबरोबर माझ्या भाच्याचंही नाव घ्यायची. तो वाटा मी बहिणीकडे न्यायचो. बहीण सुरुवातीला मांजरांना घालायची. मग कधीतरी शिजवायला लागली.

मुलाला भेटायला नाखवीण वर्षातून एकदा जेलात जायची. परत आली की मी विचारायचो, "काय बोलला?" तर म्हणायची, "सुतारकाम शिकतोय. दरवाजे बनवतो." आणि स्वतःच हसायची, "जेलात दरवाजे!"

वर्षं गेली. नालासोपाऱ्यात इमारतींवर इमारती चढल्या, आमच्या बंदरात बोटींवर वायरलेस आले, मी जमिनीवर आलो. मग एक दिवस पोलीस चौकीतला हवालदार विचारत आला. चांगल्या वागणुकीमुळे कैद्याला सोडण्याचा विचार चाललाय, गावातली माणसं काय म्हणतात ते वर कळवायचं होतं. "बाबा, मेलेल्याचे मामा तुम्हीच ना? तुमची हरकत आहे का?"

"हाय," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं. मी तडक नाखविणीकडे गेलो. तिला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत होतं. ती आता फार म्हातारी झाली होती, ओट्यावर उन्हात बसलेली. मला वाटलं रडेल, हात जोडेल. इतक्या वर्षांत कधी जोडले नव्हते.

"घेतलीस हरकत? बरं केलंस," ती म्हणाली. "पन तू कोन? तिला विचारलंस काय?"

मी विचारलं नव्हतं. त्याची गरजच वाटली नव्हती. बहिणीच्या वतीने सगळीकडे मीच बोलत आलो होतो, कोर्टातही. तसा तिच्या दारात गेलो. ती सुकट निवडत होती. मी हवालदाराचं सांगितलं.

"येऊ दे त्याला," ती मान वर न करता म्हणाली.

"काय?"

"येऊ दे. मना त्याला एक विचारायचं हाय. कोर्टात सुरी केवढी ते विचारलं, जखम केवढी ते विचारलं. मना पायजेल ते कोनी विचारलं नाय. तू पन नाय."

मी चौकीत गेलो. हवालदाराला म्हटलं, "माझी हरकत हाय ती राहू दे. पन मुलगा तिचा होता, नी तिची हरकत नाय. हे पन लिहा." तो म्हणाला, दोन्ही कसं लिहू? मी म्हटलं, जसं आहे तसं.

काही महिन्यांनी तो सुटून आला. पोरगा म्हणून गेला होता, केस पांढरे होऊन आला. घरी न जाता आधी माझ्या बहिणीच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला. नाखविणीच्या घरात दुसरं कोणी नसल्याने तिला मीच हाताला धरून तिथे घेऊन आलो. ती थोडी लांब बसली.

बहीण बाहेर आली. "जाताना तो काय बोलला?" तिने विचारलं. "तू एकटाच होतास."

तो उंबऱ्याकडे बघून बोलायला लागला. "बोलला, आयला सांगू नको. बोलला, सांग मी फलीवरना पडलो, नी सुरी लागली. दोन वेला बोलला. सांग मी पडलो."

"मग तू तसं का नाय सांगितलं?"

"नाय जमलं, मावशी."

बहीण खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडली. त्या दुपारी रडली नव्हती ते सगळं. मला कळेना काय करावं. मी नाखविणीकडे बघितलं तर ती भिंतीकडे नव्हती बघत, सरळ त्या दोघांकडे बघत होती.

मग बहिणीने डोळे पुसले. "उद्या ये," ती म्हणाली. "रोज यायचं. तो माझ्याजवल कमी नी तुझ्याबरोबर जास्त असायचा. लहानपनापासनं काय काय केलंत ते सगलं सांगायचं. मी बस बोलेपर्यंत. ही माझी शिक्षा."

"किती दिस?" हे मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली.

तो रोज यायचा. दिवसभर सुतारकाम करायचा, लोक आधी द्यायचे नाहीत, मग नाखविणीने स्वतःच्या घराचा दरवाजा त्याच्याकडून बनवून घेतला, तो बघून लोकही काम द्यायला लागले. संध्याकाळी बहिणीच्या दारात. आधी उंबऱ्याबाहेर बसायचा, पावसाळा लागला तेव्हा आत. बहीण त्याला चहा द्यायला लागली, मग भाकरी. नाखवीण काठी टेकत यायची. मीही जायचो. माझ्या भाच्याबद्दल कोण काय सांगतो यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं.

पुढे नाखवीण गेली. शेवटपर्यंत तिचं घड्याळ बंदच होतं. तिला पुरलं तेव्हा फादर चांगलं बोलले, पण फार लांबण लावली. तिच्या जाण्याच्या थोडं आधीची एक संध्याकाळ मला लिहायची आहे.

तोवर नाखविणीच्या मुलाकडच्या खऱ्या गोष्टी संपल्या असाव्यात. त्या दिवशी त्याने सांगितलं, एकदा आम्ही अर्नाळ्याच्या पुढे होतो, सगळे झोपलेले, तांडेल मामासुद्धा सुकाणूवर झोपला होता, घोरत होता, आणि भाच्याने एकट्याने माणसाएवढी घोळ मासळी वर ओढली, आणि मामाच्या कानाशी नेऊन ठेवली. मामा उठला तो घोळीच्या तोंडात तोंड!

असं कधी घडलं नाही. त्या बोटीवर माणसाएवढी घोळ कधी लागली नाही. आणि मी सुकाणूवर झोपलो? सगळ्या जन्मात कधी नाही. माझं रक्त उसळलं. मी पुढे सरकलो, तोंड उघडलं.

बहीण हसत होती. पदर तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "मग? मग काय झालं?" ती त्याला विचारत होती.

नाखविणीने काठीने माझ्या गुडघ्यावर हळूच मारलं.

"तांडेल," ती म्हणाली, "तुझा चहा निवतोय."

मी चहा प्यायलो.